गर्टीबाई कोरी

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असा आपल्या चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी लगेच होकार दिला नाही. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी यांच्यावर आपल्या भगिनींनी यापूर्वी इतके मनापासून लिहिले आहे की, त्यात मी काय भर घालणार? शिवाय मी पडले शास्त्राची मास्तरीण. माझ्या हाताला लेखणीपेक्षा खडूच सरावलेला. परंतु गेल्या हरितालिकेला माझी जी फजिती झाली ती आपल्यापैकी पुष्कळजणींनी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि त्या फजितीनेच मला या बाईंच्या दारापर्यंत नेऊन पोचवले. तेव्हा सुरुवात तेथूनच करते.

मला मधुमेह आहे हे मी कधी लपवले नाही. हरितालिकेचा निर्जळी उपास मात्र लग्नापासून कधी चुकला नव्हता, तो याही वर्षी धरला. औषध उपासाला चालते, असा सोयीस्कर शास्त्रार्थ काढून सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही गोळ्या वेळेवर घेतल्या. रात्री जागरणाला आपण सगळ्या जमलो होतो. फुगड्या ऐन रंगात आल्या असताना माझे हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, समोरची माणसे दोन-दोन दिसू लागली. शेजारच्या वहिनींनी प्रसंगावधान राखून शुद्धीवर असतानाच साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. उपास मोडला म्हणून मी त्याही अवस्थेत कुरकुरत होते, असे सूनबाई अजून सांगते आणि हसते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. माझी गोळी अंगातले इन्शुलिन वाढवते, आणि इन्शुलिन म्हणजे यकृताला पाठवलेली वर्दी, की बाई जेवली आहे, आता कोठार बंद ठेव. मी तर पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. म्हणजे बाहेरून काही आले नाही आणि आतले कोठारही मीच गोळी घेऊन कुलूपबंद करून ठेवले. हे ऐकताना मला खरोखर लाज वाटली, कारण हाच धडा मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या मुलींना वर्षानुवर्षे शिकवला होता.

घरी येऊन जुन्या टिपणवह्या काढल्या. स्नायूंच्या थकव्याच्या पाठात माझ्याच अक्षरात ‘कोरी-चक्र’ असे लिहिलेले होते. हे नाव फळ्यावर लिहिले की मुली हसत. आपल्या भाषेत कोरी म्हणजे न लिहिलेली, आणि मी तर फळा भरून टाकीत असे. हा कोरी म्हणजे कोणी जाड भिंगाचा चष्मा लावणारा गृहस्थ असेल, असे मी धरून चालले होते. एकदाही चौकशी केली नाही. या वेळी केली, तेव्हा कळले की ते एक माणूस नव्हे, दोघे नवराबायको; आणि त्यातली बायको ही वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारी जगातील पहिली स्त्री. एवढी वर्षे एका बाईचे नाव मी गृहस्थाचे म्हणून शिकवीत होते.

गर्टी थेरेसा राडनित्स हे त्यांचे माहेरचे नाव. जन्म प्राग शहरी, १५ ऑगस्ट १८९६ रोजी. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. घर ज्यू, सुखवस्तू. तीन बहिणींत गर्टी थोरली. वडील रसायनशास्त्रज्ञ, आणि त्यांचा व्यवसाय बिटापासून साखर काढण्याच्या कारखान्यांचा! साखरेच्या घरात जन्मलेल्या मुलीने जन्मभर साखरेचाच माग काढावा, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

त्या काळच्या रीतीप्रमाणे आधी घरी शिक्षण, मग मुलींची शाळा. त्या शाळांतून मुलींना समाजात शोभून दिसण्यापुरते शिकवीत. सोळाव्या वर्षी गर्टीने डॉक्टर व्हायचे ठरवले तेव्हा लक्षात आले की, वैद्यकीय प्रवेशाला लागणारे लॅटिन, गणित, पदार्थविज्ञान, रसायन यांपैकी काहीच पुरेसे झालेले नाही. मुलांना जे शिकायला कित्येक वर्षे मिळतात ते तिने सुमारे एका वर्षात भरून काढले आणि १९१४ साली प्रागच्या जर्मन विद्यापीठात प्रवेश मिळवला.

तेथेच कार्ल कोरी हा सहाध्यायी भेटला. दोघांनाही डोंगर चढण्याचे वेड, दोघांनाही प्रयोगशाळेचे वेड. पहिल्या महायुद्धात कार्लला सैन्यात जावे लागले. परतल्यावर १९२० साली दोघांनी डॉक्टरकीची पदवी घेतली आणि त्याच साली लग्न केले. लग्नासाठी गर्टीने कॅथलिक पंथ स्वीकारला. तरीही ज्यू कुळातली सून आणल्याने मुलाच्या नोकरीला धोका पोचेल, ही भीती सासरच्यांना होतीच.

लग्नानंतर व्हिएन्नाच्या मुलांच्या रुग्णालयात गर्टीबाई काम करू लागल्या. युद्धाने देश धुऊन निघाला होता. अन्नाची टंचाई इतकी की, निकस आहाराने या तरुण डॉक्टरणीचे डोळे कोरडे पडू लागले. उपासमारीने शरीराचे काय होते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९२२ साली कार्लला अमेरिकेत बफेलो येथील कर्करोग संशोधनसंस्थेत जागा मिळाली. तो पुढे गेला, आणि सहा महिन्यांनी गर्टीबाई मागोमाग गेल्या.

आता खरी गोष्ट सुरू होते. बफेलोला दोघांच्या नेमणुका वेगवेगळ्या विभागांत होत्या. नवऱ्याबरोबर संशोधन करणे थांबवले नाही तर नोकरी जाईल, असा इशारा संचालकांनी गर्टीबाईंना दिला. त्यांनी थांबवले नाही. पुढे एका विद्यापीठाने कार्लला मोठी जागा देऊ केली, पण अट अशी की बायकोबरोबर काम करायचे नाही. तेथल्या मंडळींनी गर्टीबाईंना बाजूला घेऊन, तुम्ही नवऱ्याच्या उत्कर्षाच्या आड येत आहात, असे सुनावले. त्या तेव्हा रडल्या. कार्लने ती जागा नाकारली. या गृहस्थांविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला तो येथे; पारितोषिकाचा भाग पुढचा.

दोघांचे काम काय होते, ते आपल्या भाषेत सांगते. आपण दिवसातून दोन-तीनदा जेवतो, पण मेंदूला साखर लागते ती अष्टौप्रहर. दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम. आणि एका वेळी अंगातल्या साऱ्या रक्तात मिळून साखर असते ती जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मग रात्रभर झोपेत, किंवा एकादशीला, हा चमचा रिकामा कसा होत नाही? फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवले होते की, यकृत स्वतःच रक्तात साखर सोडते. त्यांनी जनावराचे यकृत पाण्याने धुऊन त्यातली सगळी साखर काढून टाकली, ते तसेच ठेवून दिले, आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तो त्यात पुन्हा साखर! १८५७ साली त्यांनी त्या साठ्याचा पदार्थ वेगळा काढला. त्याचे नाव ग्लायकोजेन. पोटभर जेवलेल्या माणसाच्या यकृतात तो सुमारे १०० ग्रॅम असतो. उपास धरला की उतरू लागतो आणि सुमारे एका दिवसात बहुतेक संपतो.

पण बर्नार यांना जे सांगता आले नाही ते हे, की साखर आत जाते कशी, बाहेर येते कशी आणि मध्ये तिचे काय काय होते. कोरी पतिपत्नींनी अस्सल गृहिणीसारखा हिशेब मांडला. उंदीर उपाशी ठेवायचे, मग मोजून साखर पाजायची, आणि ठरावीक तासांनी आतड्यात किती उरली, यकृतात किती साठली, स्नायूंत किती गेली, किती जळाली, याचा पै-पैचा ताळा घ्यायचा. या हिशेबात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. अॅड्रेनालिन टोचले की स्नायूंतला साठा घटतो, आणि यकृतातला मात्र काही वेळाने वाढतो. एका डब्यातले कमी होऊन दुसऱ्या डब्यात भरते कसे? उत्तर असे निघाले की, धावपळ करणारा स्नायू साखर अर्धवट वापरून लॅक्टिक आम्ल रक्तात सोडतो. ते यकृतात पोचते. यकृत त्याची पुन्हा साखर घडवते आणि स्नायूंना परत पाठवते. १९२९ साली त्यांनी हे मांडले. हेच ते कोरी-चक्र.

१९३१ साली दोघे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. कार्ल विभागप्रमुख झाले. गर्टीबाईंना मिळाली संशोधन-साहाय्यकाची जागा, वेतन नाममात्र. मदतीला माणूस नसे, तेव्हा काचेची भांडी घासण्यापासून सारे त्या स्वतः करीत. आणि ते त्या गोड हसून करीत असत, असा कोणी समज करून घेऊ नये. भांडी घासावी लागतात म्हणून त्या कार्लजवळ तक्रारही करीत. स्वभाव तिखट होता. प्रयोगात ढिलाई केलेली त्यांना खपत नसे, सिगारेट सदा हातात असे, चालणे झपझप. वाचन मात्र अफाट, आणि केवळ शास्त्राचे नव्हे.

१९३६ साली बेडकाच्या स्नायूंवर काम करताना त्यांना साखरेचे एक नवे रूप सापडले. ग्लायकोजेन फोडताना पहिली पायरी म्हणून जे बनते ते. त्याला पुढे ‘कोरी एस्टर’ असे नाव पडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, सेंट लुईसच्या असह्य उन्हाळ्यात, त्यांना मुलगा झाला. अगदी दिवस भरेपर्यंत बाई प्रयोगशाळेत उभ्या होत्या. वय ४० होते. मग ग्लायकोजेन फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांनी ओळखले, आणि १९३९ साली काचेच्या नळीत ग्लायकोजेन बनवून दाखवले. जिवंत शरीराबाहेर एवढा मोठा रेणू घडवता येतो, हे तोवर फारसे कोणी मानले नव्हते.

हुद्दा मात्र जेथल्या तेथे. १९४३ साली सहयोगी प्राध्यापक, आणि पूर्ण प्राध्यापक १९४७ साली. त्याच साली ऑक्टोबरात नोबेल जाहीर झाले. अर्धे कोरी पतिपत्नींना, अर्धे अर्जेंटिनाच्या बर्नार्डो हौसाय यांना. १५ ऑगस्टला जन्मलेल्या या बाईंच्या आयुष्यातले मोठे वर्षही १९४७ हेच निघाले, हे आपल्याला सहज लक्षात राहील.

पण त्याच वर्षी, कोलोरॅडोच्या डोंगरात चढताना त्यांना भोवळ आली. तपासणीत निघाले की हाडांतला मगज निकामी होत चालला आहे आणि शरीर रक्त बनवीनासे झाले आहे. या रोगाला उपाय नव्हता. वारंवार दुसऱ्याचे रक्त भरायचे एवढेच. गर्टीबाई त्यानंतर दहा वर्षे जगल्या. प्रयोगशाळेतल्या आपल्या खोलीत एक लहानशी खाट टाकून घेतली. दम लागला की पडायचे, उठले की पुन्हा काम. अगदी शेवटी शेवटी कार्ल त्यांना उचलून इकडून तिकडे नेत.

आणि माझ्या मते बाईंचे सर्वांत मोलाचे काम या दहा वर्षांतले आहे. काही मुले जन्मतःच अशी असतात की, त्यांचे पोट यकृताने फुगलेले, आणि तरी दोन-चार तास खायला मिळाले नाही की साखर एकदम खाली जाऊन झटके येतात. यकृतात ग्लायकोजेन खच्चून भरलेला असतो, पण बाहेर येत नाही. भरल्या घरात उपासमार! फॉन गिअर्के यांच्या नावाने हा रोग ओळखतात. १९५२ साली कोरी पतिपत्नींनी दाखवले की, अशा मुलांच्या यकृतात एकच विकर नसते: साखरेला चिकटलेला फॉस्फेट शेवटच्या पायरीवर सोडवून तिला रक्तात मोकळी करणारे. आनुवंशिक रोगाचे मूळ यकृतातल्या एका विकराच्या अभावात आहे, हे तेव्हा प्रथम सिद्ध झाले. मग त्यांनी याच घराण्यातले आणखीही प्रकार वेगळे करून दाखवले. त्यातल्या एकाला कोरींचेच नाव आहे. २६ ऑक्टोबर १९५७ रोजी राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्रयोगशाळेत शिकून किंवा काम करून गेलेल्यांपैकी सहाजणांना पुढे नोबेल मिळाले. त्यातले अर्ल सदरलँड हे आपल्या उपासाच्या गोष्टीत फार महत्त्वाचे. उपाशी असताना स्वादुपिंडातून ग्लुकॅगॉन येते, हे इन्शुलिनच्या उलट बोलणारे. ते यकृताच्या पेशीच्या दारापर्यंतच येते, आत जात नाही. मग आत निरोप नेतो कोण? सदरलँड यांनी तो निरोप्या शोधला, चक्रीय एएमपी नावाचा लहानसा रेणू. त्यासाठी त्यांना १९७१ साली नोबेल मिळाले.

हा निरोप्या दोन कामे करतो, आणि ती दोन्ही आपल्या स्वयंपाकघरात बसल्या बसल्या समजतील. पहिले काम काही मिनिटांचे: फडताळातली फराळाची बरणी उघडणे, म्हणजे ग्लायकोजेन फोडणे. त्याला लागणारे विकर हजर असते, फक्त जागे करायचे. पण उपास लांबला की बरणीचा तळ दिसतो. तेव्हा चूल पेटवून नवे काही रांधावे लागते. त्यासाठी पाककृतींची वही काढायची. आपली जनुके म्हणजे ही वही. यकृताच्या प्रत्येक पेशीत ती संपूर्ण असते, पण दिवाळीचे पान आणि एकादशीचे पान एकदम उघडत नाही. निरोप्याच्या सांगण्यावरून क्रेब नावाचे प्रथिन ठरावीक पानांवर जाऊन बसते, आणि लॅक्टिक आम्लापासून, प्रथिनांच्या तुकड्यांपासून, चरबीतल्या ग्लिसरीनपासून साखर करण्याच्या कृती भराभर वाचल्या जाऊ लागतात. २००१ साली उंदरांवरच्या संशोधनातून कळले की, क्रेब आधी एका मदतनीस प्रथिनाचे जनुक चालू करते आणि मग दोघे मिळून ही कामे उरकतात. चरबी जाळण्याची पाने निराळ्याच प्रथिनाच्या हाती असतात. उपास फार लांबला की त्या चरबीपासून निघालेल्या कीटोनवर मेंदूही पुष्कळसे भागवून घेतो.

जेवण झाले, इन्शुलिन आले, की ही पाने मिटतात. साखर करण्याची जनुके चालू ठेवणारे फॉक्सो नावाचे प्रथिन पेशीच्या केंद्रकातून चक्क बाहेर काढले जाते, आणि साखर धरून ठेवण्याची, उरलेल्या साखरेची चरबी करण्याची पाने उघडतात. हे सारे काही तासांत होते, आणि दररोज होते. माझ्या गोळीने काय केले, ते आता निराळे सांगायला नको. उपास एकादशीचा, आणि वहीवर दिवाळीचे पान उघडून ठेवलेले.

गर्टीबाईंना फॉन गिअर्केच्या मुलांत जे विकर आढळले नाही, त्याचे जनुक १९९३ साली सापडले. तेही याच एकादशीच्या पानांपैकी निघाले. उपासात जास्त वाचले जाणारे, जेवणानंतर कमी. आणि बरणीतली साखर असो की नव्याने रांधलेली, दोन्ही शेवटी याच दारातून रक्तात येतात. म्हणून त्या मुलांचे दोन्हीकडून अडते.

त्या मुलांचे पुढे काय झाले, हे विचारल्याशिवाय आपल्या मंडळातली एकही आई हे पान उलटणार नाही. १९८४ साली असे आढळले की, न शिजवलेले मक्याचे सत्त्व, ज्याला आपण कॉर्नफ्लोअर म्हणतो, ते गार पाण्यात कालवून दिले की पोटात हळूहळू पचते आणि तासन् तास रक्तात साखर पुरवीत राहते. शिजवले तर हा गुण जातो. त्यापूर्वी अशा मुलांना रात्रभर नळीने पोटात साखर पोचवावी लागे. आता ठरल्या वेळी पेला पाजायला आईला रात्री उठावे लागते खरे, पण मूल वाढते, शाळेत जाते, मोठे होते.

माझ्यापुरते सांगायचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मी निर्जळी उपास सोडला आहे आणि गोळीही बदलून घेतली आहे. हरितालिकेची पूजा मात्र करते, आणि जागरणालाही येणार आहे. फुगडी घालायला वहिनींनी माझ्यासमोर उभे राहावे, एवढी विनंती.

अमेरिकेच्या टपालखात्याने २००८ साली गर्टीबाईंच्या नावाचे तिकीट काढले. त्यावर बाईंचे चित्र आहे आणि शेजारी त्या ‘कोरी एस्टर’ची रासायनिक आकृती. नातवाने मला ते तिकीट संगणकावर मोठे करून दाखवले. आकृतीत फॉस्फेटची जोडणी चुकीच्या ठिकाणी काढलेली आहे. ती चूक माझ्या एका विद्यार्थिनीने वहीत केली असती तर मी अर्धा गुण कापला असता. गर्टीबाईंनी तर सगळी आकृती पुन्हा काढायला लावली असती.